दादांची खोली

दादांच्या खोलीला कोणता रंग द्यायचा यावरून घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी दादांनी मामाचा जीव घेतला तेव्हाही झाली नव्हती. तेव्हा सगळे नुसते एकमेकांची तोंडं बघत बसले होते. आता मात्र प्रत्येकाला मत होतं. दातांचा डॉक्टर झालेला त्यांचा धाकटा मुलगा म्हणाला, पांढरा द्या, म्हाताऱ्या माणसाला उजेड लागतो. त्याला दादांना स्वतःच्या घरी ठेवायचं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याच्या घरच्या रंगाबाबत तो भलताच उदार झाला होता. थोरल्या मुलीची लेक म्हणाली, पांढरा नको, तुरुंगात इतकी वर्षं पांढऱ्या भिंतीच बघितल्यात त्यांनी. शेवटी थोरलीने दुकानाच्या शटरचा उरलेला करडा रंग स्वतःच फासला आणि विषय मिटवला.

आज ती खोली बघायला पॅरोलच्या अधिकारीबाई यायच्या होत्या. जन्मठेप झालेल्या म्हाताऱ्यांची वागणूक चांगली असेल आणि घरचं कुणी सांभाळायला तयार असेल, तर त्यांना उरलेले दिवस घरी काढू द्यावेत, असा नवा नियम आला होता. बाई खोली बघणार, सांभाळणाऱ्याला चार प्रश्न विचारणार, आणि ज्यांचा माणूस गेला त्यांचंही म्हणणं ऐकणार. इथेच खरी गोची होती. एरवी अशी दोन घरं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. इथे दोन्ही मिळून एकच घर होतं. दादांनी मारलं ते आपल्या बायकोच्या सख्ख्या भावाला, आणि त्या मामाची बायको दुकानासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत होती. मारणाऱ्याचे आणि मेलेल्याचे नातेवाईक एकाच टेबलाशी चहा पिताना भेटतील, एवढीच काय ती बाईंची सोय.

दुकान कुलपांचं. खाली दुकान, मागे वर्कशॉप, वर घर. दादा आणि मामा दोघे मिळून ते चालवायचे. एक दिवस दादांना मामाच्या खणात पत्र्याचा डबा सापडला आणि त्यात चाव्याच चाव्या. मामा विकलेल्या प्रत्येक कुलपाची एक जादा चावी करून ठेवत होता. चोरीसाठी नव्हे, नुसती हौस, असं मामी अजून शपथेवर सांगते, आणि खरंच त्यातल्या एकाही घरात कधी चोरी झाली नव्हती. पण कुलूपवाल्याने असली हौस करायची नसते. दादांनी वर्कशॉपमधला लोखंडी गज उचलला, आणि पुढचं सगळ्या गल्लीला माहीत आहे.

थोरलीला वडील घरी हवे होते. हे ती कुणापुढे बोलत नसे, कारण साठीला टेकलेल्या बाईने असं काही म्हटलं की लोकांना कीव येते. आई गेली, मग नवरा गेला, दुकान तिने एकटीने ओढलं, आणि दर महिन्याला तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत काचेपलीकडच्या माणसाला बाजारात काय नवीन आलंय ते सांगत बसली. हातात कानस धरायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तिथे, सरकारी पलंगावर, परक्यांच्या खोकल्यात डोळे मिटावेत हे तिच्याने सहन होत नव्हतं. म्हणून अर्ज तिने केला आणि खोलीही तिनेच उभी केली. आज नकार आला तर पुन्हा अर्ज करायला दादा उरणार नाहीत, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

मामी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती, ठेवणीतले कपडे घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून. आपल्याला काय बोलायचं ते बाईंपुढेच बोलू, असं तिने आल्या आल्या जाहीर केलं होतं. धाकट्याला ते सहन होईना. रोज उघड्या तोंडांवर काम करणाऱ्या माणसाला मिटलेलं तोंड बघवत नाही. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ गेला आणि लाडीगोडी लावायला लागला.

"मामी, ते आता कुणाचं काय वाकडं करणार? दोन्ही गुडघे गेलेत. दातांची कवळी मीच करून पाठवली, तीही सैल बसते."

"कवळी सैल बसते तो तुझा गुन्हा," मामी म्हणाली. "तो त्याच्या खात्यात घालू नकोस."

लेक फिसकन हसली आणि आईने डोळे वटारल्यावर बिस्किटं मांडायला लागली. धाकट्याने हार मानली नाही. वयाचा विचार करायला हवा, ऐंशीच्या पुढच्या माणसाला शिक्षा कळतही नाही, सरकारचा उगाच खर्च, असं त्याचं बराच वेळ चाललं. मामीने ते सगळं ऐकून घेतलं.

"तो म्हातारा झाला म्हणतोस. झाला असेल. माझा नवरा अजून बेचाळीसचाच आहे. त्याच्या वयाचा विचार कोण करणार?"

यावर धाकट्याने खुर्ची पुन्हा जागेवर नेली.

अधिकारीबाई आल्या त्या शिंकतच. सर्दीने बेजार झाल्या होत्या, रुमाल नाकाला लावूनच त्यांनी सगळ्यांची ओळख करून घेतली. मामी कोण हे कळल्यावर त्या क्षणभर गडबडल्या. अशी माणसं वेगळ्या खोलीत बसवायची असतात, असं त्या पुटपुटल्या. वेगळी खोली एकच आहे आणि ती खुन्यासाठी रंगवलीय, असं मामीने सांगितलं. बाईंनी निमूटपणे चहा घेतला.

दादांचं वागणं उत्तम, असं त्या म्हणाल्या. कुलूपवाला म्हणून त्यांना पहिल्यापासून मुद्दाम कपडे धुण्याच्या कामाला लावलं होतं, निदान एवढी अक्कल तुरुंगाने दाखवली होती. पण एकदा मोठ्या साहेबांच्या कपाटाची चावी हरवली. बाहेरून माणूस बोलवायचा तर बोभाटा झाला असता. शेवटी दादांना बोलावलं. त्यांनी चमच्याच्या दांड्याने कपाट उघडलं, चमचा धुऊन परत दिला आणि पुन्हा जाऊन चादरी पिळायला लागले. ज्याला दार उघडता येतं आणि तरी जो जात नाही, अशा माणसाला बाहेर सोडायला काय हरकत आहे, असा साहेबांचा शेरा होता. ऐकताना थोरलीचा ऊर भरून आला. वडिलांचं कौतुक तिने फार वर्षांनी परक्याच्या तोंडून ऐकलं होतं.

मग बाई मामीकडे वळल्या.

"एक घाव घातला असता तर मी म्हणाले असते, राग आला," मामी म्हणाली. "दुसराही रागातच गेला म्हणू. पण तिसऱ्याआधी तो थांबला होता. नाकावरून घसरलेला चष्मा सरळ केला त्याने. नीट बघितलं, आणि मग मारलं. मी वर्कशॉपच्या दारात होते. कोर्टात म्हणाला, मला काही आठवत नाही. मला आठवतं."

धाकट्याने छताकडे बघितलं. मामीचा हा चष्मा घरात सगळ्यांना पाठ होता. तिने तो पोलिसांना सांगितला, कोर्टात सांगितला, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला, आणि दर वेळी घरातलं कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं की धक्का बसला होता बिचारीला, अशा वेळी माणसाला काहीबाही दिसतं. सगळ्यात जास्त वेळा ते थोरली म्हणाली होती. आताही तिच्या ओठांवर तेच आलं होतं, पण का कोण जाणे, तिने त्याऐवजी चहाचा घोट घेतला.

बाईंनी मान डोलावली, पुन्हा शिंकल्या आणि खोली बघू म्हणाल्या.

खोली झकास होती, त्यात वादच नव्हता. खिडकीतून ऊन येत होतं. पलंग फार उंच नव्हता, न्हाणीघरात धरायला दांडा होता, उशाशी घंटेचं बटण होतं. बाकीचे दाराबाहेर घोळका करून उभे राहिले आणि बाई आत एकेक गोष्ट हाताने चाचपत फिरायला लागल्या. दिव्याचं बटण कुठाय म्हणून त्यांनी विचारलं. दारामागे, असं लेकीने सांगितलं. बटण बघायला बाईंनी दार लोटलं आणि ते खट्कन लागलं.

आतून दोन शिंका ऐकू आल्या. मग दार खडखडलं.

"अहो, याला आतून मूठ कुठाय?"

बाहेर सगळे थिजले. दाराला लॅच होतं, धान्याच्या किंवा मालाच्या कोठाराला बसवतात तसलं. दार लोटलं की आपोआप लागतं, बाहेरून चावीनेच उघडतं, आणि आतल्या बाजूला मूठ नाही, खीळ नाही, नुसता सपाट पत्रा. कोठारात माल असतो, आणि मालाला बाहेर यायचं नसतं.

कुलपं विकणाऱ्या घराने सरकारी माणसालाच कोंडून घातलं होतं. धाकट्याने तत्काळ दुसऱ्यावर ढकलायचा प्रयत्न केला. भाचीकडे बघत म्हणाला, हल्लीच्या पोरांना काम नीट करायला नको. लेक म्हणाली, मी या दाराला हात लावला असेल तर शपथ, मी खाली नंबरची कुलपं बघते. तिकडे बाई आतून विचारत होत्या की चावी कुणाकडे आहे, आणि हे दोघे आपलं दार कुणी केलं यावर तंडत होते. मामी मात्र थोरलीकडे बघत होती. कारण थोरलीने मघाशीच कमरेचा जुडगा काढला होता आणि त्यातली नवी कोरी चावी न शोधता, पहिल्याच झटक्यात बोटांत धरली होती.

तिने दार उघडलं. बाई लालबुंद चेहऱ्याने बाहेर आल्या.

"हात सवयीने काम करतो," थोरली म्हणाली. "दार दिसलं की आम्ही कुलूप बसवतो. खणात हे पडलेलं होतं, तेच लागलं." आणि हे बोलताना तिला स्वतःलाही ते खरंच वाटलं.

बाई चांगल्या स्वभावाच्या होत्या. चुका होतात, म्हणाल्या. पण ज्या खोलीला बाहेरून कुलूप आहे तिथे मला माणूस पाठवता येत नाही, एका तुरुंगातून काढून दुसऱ्यात घालायचं तर माझी नोकरी कशाला हवी. काढायला किती वेळ लागेल? थोरली म्हणाली, चहा गरम होईपर्यंत. मग काढा, मी थांबते, असं म्हणून बाई स्टुलावर टेकल्या. लेक धावत खाली जाऊन पेचकस घेऊन आली.

थोरली दारापुढे उकिडवी बसली. चार स्क्रूंचं काम. असली लॅच तिने आयुष्यात किती काढली आणि किती बसवली याचा हिशेब नव्हता. तिने पेचकस पहिल्या स्क्रूच्या खाचेत बसवला आणि हात तिथेच राहिला. तिने दम घेतला, पुन्हा बसवला. हात फिरेना. मागून धाकटा म्हणाला की जाम झाला असेल तर तेल सोड. जाम कसला, मागच्याच आठवड्यात तिने स्वतः कसला होता, आणि नेहमीच्या स्क्रूपेक्षा लांब निवडून घेतला होता. तिला एकदम रडू फुटलं. घाबरली होती ती, वडिलांना. ते या दाराआड असतील आणि दार उघडं असेल, हे तिला नको होतं. हातांना हे आधीच कळलं होतं, तिला आत्ता कळत होतं.

"आई, काय झालं?" लेक शेजारी बसली.

थोरलीने नाक पुसलं आणि सगळ्यांना पाठ करूनच, दाराशी बोलल्यासारखं सांगायला लागली. मागच्या भेटीत तिने दादांना सहज सांगितलं होतं की आता दुकानात नंबरची कुलपं ठेवतो, चावीचं काम निम्म्याने कमी झालं, नातीने सगळं मनावर घेतलंय. दादा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, दुकान कुणाचं आहे? ती हसली. ते हसले नाहीत.

"त्यांनी चष्मा सरळ केला, मामी," ती म्हणाली. "एका बोटाने. आणि माझ्याकडे बघितलं. मधे काच होती म्हणून बरं वाटलं मला. स्वतःच्या बापाला बघून बरं वाटलं की मधे काच आहे."

पहिला भानावर आला तो धाकटा. सकाळपासून दादांचा कैवार घेतलेला हा गृहस्थ आता म्हणायला लागला की मग प्रश्नच मिटला, धोका कशाला पत्करायचा, तिथे डॉक्टर आहे, वेळेवर जेवण आहे, आपण भेटायला जाऊच. मामीच्या बाजूला जाऊन उभाही राहिला. मामी सरकून लांब झाली. लेक त्याच्यावर रागावून म्हणाली, एका बाजूला तरी धड राहा. बाईंनी खेदाने आपलं पेन उघडलं. थोरलीला कळत होतं की आता पेन कागदाला टेकलं की संपलं, दादा तिथेच जातील, आणि त्यांना तिथे ठेवणारी ती असेल. तरीही तिच्याने पेचकस फिरवला गेला नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादांचा फोन याच वारी, दुपारच्या याच सुमाराला यायचा. तिथे फोनपुढे रांग असते, न उचलून चालत नाही. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

"बाई आल्या?" दादांचा आवाज बारीक झाला होता. कवळीतून शब्द निसटत होते.

"आल्यात, दादा. थांबल्यात." ती ओट्याला टेकून उभी राहिली. खोटं बोलायची सोय होती. बाईंना नाही पसंत पडली खोली, एवढं म्हटलं असतं की भागलं असतं. "खोली तुमच्यासाठी केली मी. पण दाराला बाहेरून लॅच लावलं. कोठाराचं. आतून मूठ नाही. बाई म्हणतात काढा, आणि माझ्याने ते काढवत नाही."

पलीकडे रांगेतलं कुणीतरी लवकर आटपा म्हणत होतं.

"स्क्रू कुठले घातलेस?"

"लांबवाले."

"बरं केलंस," दादा म्हणाले.

तिला वाटलं, फोन ठेवला त्यांनी. पण श्वास ऐकू येत होता.

"मला आठवतं, पोरी. सगळं आठवतं. कोर्टात उभा होतो तेव्हाही आठवत होतं. मी थांबलो होतो. तिथेच थांबता आलं असतं मला." मग म्हणाले, "मागच्या खेपेला तू घाबरलीस ते दिसलं मला. परत आल्यावर रात्रभर तेच डोळ्यासमोर. नाही म्हणायचं असेल तर म्हण. मी रागावणार नाही, आणि रागावलो तरी इथे काच आहे."

रांगेतल्याने बहुधा फोन ओढलाच, कारण पुढचं काही आलं नाही. थोरलीने तोंडावर पाणी मारलं. तिला ढसाढसा रडायचं होतं, पण बाहेर माणसं होती आणि त्यातल्या एका माणसाला हे आधी सांगायला हवं होतं. ती बाहेर आली आणि सरळ मामीपुढे उभी राहिली. फोनवरचं शब्दन्‌शब्द सांगितलं, काही गाळलं नाही, काही घातलं नाही.

मामी ऐकत राहिली. तिच्या हातातली पर्स सुटून खाली पडली, ती लेकीने उचलली, मामीचं लक्षही नव्हतं. तिचा चेहरा इतक्या वर्षांत थोरलीने असा कधी बघितला नव्हता.

"म्हणजे मला दिसलं ते खरं होतं," मामी म्हणाली. "मला वेडी म्हणायचात तुम्ही. धक्का बसलाय म्हणायचात. तूही म्हणायचीस."

"म्हणायचे, मामी. मला ते खरं असायला नको होतं."

मामी दाराशी गेली, त्या सपाट पत्र्यावरून हात फिरवला. बाईंनी रुमाल खिशात घातला आणि हळूच विचारलं की तुमचं म्हणणं काय लिहू. धाकटा घाईघाईने म्हणाला, मामीची तर पहिल्यापासून ना आहे. मामीने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

"काढ हे," मामी थोरलीला म्हणाली. "मी इथेच उभी आहे. काढ."

थोरली पुन्हा उकिडवी बसली. या वेळी स्क्रू फिरला. लेकीने पत्रा खालून धरून ठेवला. मामी तिच्या खांद्यावर हात टेकून उभी होती, आधार देत होती की घेत होती ते दोघींनाही सांगता आलं नसतं. लॅच हातात आलं, दाराला भोक पडलं, आणि त्यातून आतलं ऊन दिसायला लागलं.

"लिहा," मामी बाईंना म्हणाली. "येऊ दे त्याला. माफ केलं असलं काही लिहू नका, मी तसलं काही केलेलं नाही. लिहा की माझं घर समोर आहे, आणि माझ्या खिडकीतून या दुकानाचं दार दिसतं. सकाळी तो खाली येऊन बसला की मी खिडकीत बसणार. त्याने मान वर केली की त्याला मी दिसणार. रोज."

"किती दिवस?" बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"मरेपर्यंत," मामी म्हणाली. "कुणाच्या, ते बघू."